चार नंबरच्या बसमधलं बीजगणित

व्हर्ला टॉस्टेन ही बार्लो गावच्या शाळेची चार नंबरची बस तेवीस वर्षं चालवत होती, आणि तेवढ्या काळात तिने कुणाची परवानगी मागून काही केल्याचं गावात कुणाला आठवत नाही. बाई अंगाने आडवी आणि आवाजाने खणखणीत. अमेरिकेतल्या मोन्टॅना राज्याच्या उत्तर टोकाला वारा पडलेला दिवस सहसा उगवतच नाही. त्या वाऱ्यातही तिने एका फाटकाशी मारलेली हाक पुढच्या फाटकावरच्या पोराला ऐकू जायची. नवरा लायल ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. घरात बोलायचं काम त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोकडे सोपवून टाकलं होतं.

सकाळी सव्वासहाला ती पहिलं पोर उचलायची आणि पावणेआठला शाळेच्या दारात बस लावायची. मधला बावन्न मैलांचा रस्ता सगळा खडीचा. दुतर्फा गहू, तारांची कुंपणं, आणि दोन-दोन मैलांवर एकेक घर. थंडीच्या दिवसांत पोरं बसमध्ये चढली की आधी झोपायची, मग भांडायची, आणि शाळा दिसायला लागली की अभ्यास आठवायचा.

व्हर्लाला एकच मुलगी, जनेल. ही जनेल नऊ वर्षांची असल्यापासून अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवायची. आपण गुरांची डॉक्टर व्हायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं, आणि पंचक्रोशीत कुणाला त्याबद्दल शंका नव्हती. १९९१च्या ऑक्टोबरात, बारावीत असताना, ती विद्यापीठाचा अर्ज घेऊन शाळेच्या काउन्सेलरकडे, म्हणजे पोरांना विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणाऱ्या माणसाकडे, गेली. सोबत व्हर्ला. काउन्सेलर तीन शाळा सांभाळायचा, बार्लोत मंगळवार-गुरुवार यायचा. त्याने जनेलचं प्रगतिपत्रक काढलं, वरून खाली बोट फिरवलं आणि चष्मा काढून ठेवला.

"रसायनशास्त्र घेतलेलं नाहीस. गणित दोनच वर्षं, तेही साधं. यांना चार वर्षांचं लागतं, बीजगणितापासून पुढचं."

"मग आता घेते," जनेल म्हणाली.

"चार वर्षांचं एका वर्षात कसं घेशील? याचा विचार नववीत करायला हवा होता."

"नववीत तुम्ही कुठे होतात?" व्हर्लाने विचारलं.

"मी तेव्हा या शाळेत नव्हतो, मॅडम."

ते खरंच होतं. त्याच्या आधीचा काउन्सेलर बदली घेऊन गेला होता, आणि त्याच्या आधी दोन वर्षं ती जागा रिकामीच होती. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. व्हर्लाच्या डोक्यात तिडीक गेली ती नेमकी याच्यामुळे. चूक कुणाचीच नाही, म्हणून जबाबदारीही कुणाची नाही, आणि भोगायचं मात्र एकट्या पोरीने. घरी येताना जनेल गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. व्हर्ला काहीतरी समजुतीचं बोलायला गेली, तर म्हणाली, "आई, राहू दे. वरातीमागून घोडं कशाला?"

जनेल धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर कामाला लागली. व्हर्लाने मात्र त्या हिवाळ्यात अकरा कॉलेजांना पत्रं लिहून त्यांच्या माहितीपुस्तिका मागवल्या. सकाळी पोरं सोडली की दुपारी अडीचपर्यंत तिला काम नसायचं. बसच्या गॅरेजात शेगडीपाशी बसून, मांडीवर पुस्तिका आणि हातात लाल पेन्सिल घेऊन, ती एकेक पान वाचायची. लायल एकदा डबा द्यायला आला तर म्हणाला, "तू जाणार आहेस की काय कॉलेजात?" ती म्हणाली, "मी नाही. पण इथून जाणाऱ्याला आता कुणी फसवणार नाही."

वाचता वाचता तिला एक गोष्ट उमगली आणि तिचा संताप दुप्पट झाला. अर्ज बारावीच्या ऑक्टोबरात भरायचा असला, तरी तो लिहायला सुरुवात होते नववीच्या सप्टेंबरात. नववीत बीजगणित घेतलं नाही तर दहावीत भूमिती मिळत नाही. ती नसली तर अकरावीत पुढचं गणित नाही आणि रसायनशास्त्रालाही कुणी बसू देत नाही. अकरावीच्या वसंतात प्रवेशपरीक्षा द्यायची. शिफारसपत्रं मे महिन्यातच मागून ठेवायची, कारण सुट्टीत शिक्षक चारी दिशांना पांगतात. सगळं छापलेलं होतं, स्वच्छ अक्षरात. फक्त ते बावन्न मैलांच्या खडीवर कुणी आणून पोचवलं नव्हतं.

मग एका सोमवारी पोरं बसमध्ये चढली तर "बस चालू असताना उभे राहू नका" या पाटीशेजारी आणखी एक मोठा कागद डकवलेला. गुरांच्या खुराकाच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, आणि त्यावर जाड काळ्या अक्षरांत नववी ते बारावी, कधी काय करायचं ते सगळं.

"मिस व्हर्ला, बसमध्ये तरी शाळा नको ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शाळेत हे सांगितलं असतं तर मला कशाला सांगावं लागलं असतं? खाली बस. डर्क, तुझं गणित कुठलं?"

"साधं."

"का?"

"दिलं म्हणून."

"उद्या तुला कुणी गाढवावर बसवलं तर बसशील?"

"कुठे जायचंय त्यावर आहे," डर्क म्हणाला, आणि सगळी बस हसली. व्हर्लाही हसली. पण संध्याकाळी उतरताना तिने त्याला थांबवलं आणि म्हणाली, "कुठे जायचंय ते मला शुक्रवारपर्यंत सांग." डर्कने सांगितलं नाही, शेवटपर्यंत. पण त्याच्या मागच्या सीटवरच्या दोघी बहिणींनी सांगितलं, आणि त्यातली एक पुढे नर्स झाली.

अशी सात वर्षं गेली. कागद फाटला की व्हर्ला नवा लिहायची. शाळेतल्या लोकांना हा रिकाम्या बाईचा छंद वाटायचा आणि कुणी लक्ष देत नसे. व्हर्लाला मात्र या सात वर्षांत एक गोष्ट दिसत गेली होती, आणि ती तिने एका वहीत लिहून ठेवली होती. तिच्या बसमधली एकूण एकतीस पोरं या काळात नववीत गेली होती. त्यातल्या सत्तावीस जणांना साधं गणित मिळालं होतं. गावात राहणाऱ्या, पायी शाळेत येणाऱ्या पोरांपैकी जवळपास सगळ्यांना बीजगणित.

१९९८च्या सप्टेंबरात ट्रेसा ग्रिमस्टॅड नववीत गेली. सकाळी सगळ्यात आधी चढणारी आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी उतरणारी ही पोरगी. आई चार वर्षांपूर्वी गेलेली. घरात बाप ऑरिन, धाकटी बहीण आणि तीनशे गुरं. ट्रेसा फार बोलायची नाही. पण सातवीत असताना एकदा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून म्हणाली होती, "मिस व्हर्ला, तुमचा काटा पंचेचाळीस दाखवतोय, पण आपण त्रेचाळीसने चाललोय." विजेच्या खांबांमधलं अंतर तिने बापाकडून विचारून घेतलं होतं आणि मनगटावरच्या घड्याळात बघून हिशेब केला होता. लायलने दुसऱ्या दिवशी काटा तपासला. दोन मैलांचा फरक निघाला.

आणि ही पोरगी शाळेच्या तिसऱ्या दिवशी बसमध्ये चढून म्हणाली, "मला साधं गणित दिलंय."

"आज काय शिकवलं?"

"भिंतीला रंग किती लागेल ते."

व्हर्लाने बस चालू केली नाही. पोरांना म्हणाली, "कुणी हलायचं नाही," आणि खाली उतरून तडक शाळेच्या प्रमुखांच्या खोलीत गेली.

मिस्टर हाउक माणूस वाईट नव्हते. ते स्वतः दुसऱ्या जिल्ह्यातल्या अशाच एका खेड्यातले होते, आणि त्या शाळेत गळक्या छपरापासून बास्केटबॉलच्या संघापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात होतं.

"मिसेस टॉस्टेन, तुमची बस भरलेली आहे ना?"

"भरलेली आहे. त्यात ट्रेसा ग्रिमस्टॅड आहे. तिला साधं गणित कुणी दिलं?"

"विषयांची वाटणी आठवीच्या वसंतात होते. फॉर्म भरून न आल्यास साधं गणित आपोआप लागतं."

"फॉर्म कुठे पाठवता?"

"काउन्सेलरच्या खोलीबाहेर ठेवतो. शाळा सुटल्यावर येऊन न्यायचा."

"शाळा सुटल्यावर," व्हर्ला म्हणाली. "शाळा सुटल्यावर माझी पोरं बसमध्ये असतात." तिने वही काढून टेबलावर ठेवली. "एकतीसपैकी सत्तावीस. हे वाचा."

हाउकनी वाचलं. त्यांचा चेहरा थोडा उतरला, हे व्हर्लाने पाहिलं. पण उतरलेला चेहरा माणूस सावरतो तो बहुतेक वेळा आवाज चढवून.

"या मुलांना पुढे घरची गुरांची रँचच सांभाळायचीय. उगाच नापास करून त्यांची हौस कशाला मारायची? आणि खरं सांगू का, तुम्ही ड्रायव्हर आहात. बसमध्ये कागद चिकटवणं आगीच्या नियमात बसत नाही. तो आजच काढा."

व्हर्लाने कागद काढला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. तोवर पोरांना तो तोंडपाठ झाला होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. ती गाडी चालवता चालवता बोलत राहिली. आठवड्याने तिच्या हातात पत्र आलं: ड्रायव्हरने बसमध्ये विद्यार्थ्यांशी अभ्यासक्रमाविषयी बोलू नये.

तिने ते दोनदा वाचलं. "बसमध्ये," ती लायलला म्हणाली. "बसमध्ये लिहिलंय ना?"

"बसमध्येच लिहिलंय," लायल म्हणाला. पुढे काय होणार ते आधीच कळल्यासारखा तो हसला.

दुसऱ्या दिवसापासून व्हर्ला प्रत्येक फाटकाशी बस थांबवायची, ब्रेक ओढायची आणि खाली खडीवर उतरायची. पोर घ्यायला किंवा सोडायला जो कुणी मोठा माणूस आला असेल, त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "तुमच्या मुलीला बीजगणित मिळालेलं नाही. तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं. काही जण म्हणाले, "बीजगणिताने काय होणार?" तेव्हा ती म्हणायची, "काही होईल किंवा होणार नाही. पण ते तुम्ही ठरवा. शाळेने का ठरवायचं?" आणि वर चढून निघायची. बस रोज नऊ-दहा मिनिटं उशिरा पोचायला लागली.

ग्रिमस्टॅडच्या फाटकाशी ऑरिन पिकअपला टेकून उभा असायचा. तो आणि व्हर्ला एकाच वर्गात शिकले होते.

"व्हर्ला, तू बस चालव."

"चालवतेच आहे. तुझी पोरगी हुशार आहे, ऑरिन."

"माहितेय मला. म्हणूनच तिला इथे ठेवायचीय."

"तिला विचारलंस?"

"चौदा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"गाई वियायच्या दिवसांत पहाटे चारला उठवतोस तेव्हा ती चौदाची नसते वाटतं?"

ऑरिनने टोपी खाली ओढली आणि पिकअपमध्ये बसला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्याच दुपारी त्याने शाळेत फोन केला. बस उशिरा येते ही तक्रार खरी होती, त्यामुळे हाउकना हवंच होतं ते मिळालं. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी शाळा समितीची बैठक होती. तोवर, एक आठवडा, व्हर्लाला घरी बसवलं.

बदली ड्रायव्हर त्या आठवड्यात आजारी होता. बस चालवायचा परवाना असलेला दुसरा माणूस शाळेत एकच होता, तो म्हणजे स्वतः हाउक. सोमवारी सकाळी ते सहाला अंधारात खडीवर निघाले. पुढचं ट्रेसाने व्हर्लाला फोनवर सांगितलं. हाउक दोनदा वळण चुकले. एकदा बस चरात जाता जाता वाचली. शाळेत पोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. दुसरीतली ओपल, जी रोज ड्रायव्हरच्या मागे बसायची, शाळा दिसायला लागल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही आज बीजगणिताचं विचारणार नाही का?"

"मग? काय म्हणाले?" व्हर्लाने विचारलं.

"काही नाही. कान लाल झाले."

बैठक शाळेच्या वाचनालयात होती. एरवी पाच सभासद आणि एक कॉफीची किटली एवढेच असायचे. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक पुस्तकांच्या मांडण्यांना टेकून उभे राहिले. कुणीतरी सफरचंदं भरून भाजलेला 'ॲपल पाय' आणला होता आणि तो कापायला मात्र कुणाचा हात पुढे होत नव्हता.

व्हर्लाने वही उघडून आकडे वाचले. शब्द वाढवले नाहीत. मग ऑरिन उभा राहिला. हा माणूस समितीपुढे आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. टोपी हातात फिरवत म्हणाला, "माझ्या वर्गात बावीस पोरं होती. ट्रेसाच्या वर्गात नऊ आहेत. जो शिकायला जातो तो परत येत नाही. व्हर्ला पोरांना दाखवतेय तो रस्ता एकाच बाजूने जातो. सगळी गेली की शाळा बंद होईल, मग बसही नको आणि ड्रायव्हरही नको. हे कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोललो."

तो खोटं बोलत नव्हता. कित्येक जणांनी माना हलवल्या. व्हर्लाने वही मिटली.

तेवढ्यात मागून जनेल उभी राहिली. कोठारावरून सरळ आली होती, अंगावर गव्हाची धूळ तशीच. गेली सात वर्षं व्हर्ला बसमध्ये जनेलचं उदाहरण देत आली होती, आणि हे जनेलला आवडत नाही हेही तिला ठाऊक होतं.

"आई माझी गोष्ट गावभर सांगते," जनेल म्हणाली. "जणू मी पडलेलं घर आहे आणि लोकांनी लांबून बघून शहाणं व्हावं. आई, ते आता बंद कर. माझं बरं चाललंय. मला वजनकाटा आवडतो, मला हे गाव आवडतं, मी इथेच राहणार आहे." ती थांबली. मग ऑरिनकडे वळली. "पण ऑरिन, मी इथे राहायचं ठरवलं नव्हतं. ते आधीच ठरलं होतं आणि मला नंतर कळलं. तुझ्या ट्रेसाला राहायचं असेल तर तिने राहावं. पण तिने स्वतः राहावं. कोंडून ठेवलेल्या माणसाला आपण राहिला असं म्हणत नाही."

ती खाली बसली. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. तिथले लोक तसे नाहीत. एका म्हाताऱ्याने उठून ॲपल पाय कापायला घेतला.

समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं ते असं: मिसेस टॉस्टेन यांनी शिस्तभंग केला, म्हणून त्यांच्या कागदपत्रांत ताकीद नोंदवावी. बसमध्ये कागद लावायचा नाही. मात्र पुढल्या वर्षापासून विषयांचा फॉर्म प्रत्येक घरी पोस्टाने जाईल आणि आईबापांची सही आल्याशिवाय कुणाला साधं गणित लावता येणार नाही. यंदाच्या मुलांपैकी कुणाला बदलून हवं असेल तर पालकांनी सही करून द्यावी, असंही जाता जाता म्हटलं गेलं.

बाहेर अंगणात व्हर्ला जनेलपाशी गेली. "मी तुझी गोष्ट पुन्हा सांगणार नाही," ती म्हणाली.

"सांगशील," जनेल म्हणाली. "पण निदान शेवट नीट सांगत जा."

त्या आठवड्यात सात घरांतून सह्या आल्या. ग्रिमस्टॅडच्या घरातून आली नाही. ऑरिनने फॉर्म फ्रिजवर ठेवला आणि त्यावर खिळ्यांचा डबा ठेवला.

पुढच्या मंगळवारी तिसऱ्या तासाला ट्रेसा साध्या गणिताच्या वर्गात गेलीच नाही. ती समोरच्या खोलीत, मिसेस प्रुइटच्या बीजगणिताच्या वर्गात, मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. मिसेस प्रुइटने हजेरीत नाव नसल्याचं सांगितलं. ट्रेसा म्हणाली, "हो, नाही." आणि वही उघडली. बाई फळ्याकडे वळल्या. हाउकना कळवायला हवं होतं, पण आपल्याला ते नऊ दिवस सुचलंच नाही, असं त्या पुढे सांगायच्या.

नऊ दिवस ट्रेसा तिथे बसली. मागचे पाच आठवडे बुडाले होते, ते ती बसमध्ये भरून काढायची, सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास. रस्ता खडबडीत, अक्षर कोंबडीच्या पायासारखं यायचं. व्हर्ला आरशातून बघायची आणि तोंड घट्ट मिटून बसायची. बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि या वेळी बोलण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. फक्त मोठे खड्डे आले की ती बस हळू करायची.

दहाव्या दिवशी साध्या गणिताच्या शिक्षकांनी गैरहजेरीची चिठ्ठी घरी पाठवली. ऑरिन तसाच शेणाने माखलेल्या बुटांनी शाळेत आला आणि मिसेस प्रुइटच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला. पोरांची डोकी वळली. ट्रेसाने मात्र वर बघितलं नाही. बाईंनी तिला फळ्यावर बोलावलं होतं आणि ती तिथे उभी राहून गणित सोडवत होती. ते चुकलं. तिने डस्टरने पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"ट्रेसा," ऑरिन म्हणाला.

"थांबा जरा, बाबा. झालंच."

ऑरिन थांबला. गणित पूर्ण झालं. तिने खडू ठेवला, हात पँटला पुसले आणि बापाकडे वळली. "मी त्या वर्गात परत जाणार नाही. तुम्ही सही नाही केली तरी मी इथेच बसणार. गुण नाही मिळाले तरी चालतील. रोज बसणार."

ऑरिनने तिच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मिसेस प्रुइट सांगायच्या, त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. वासरं विकायला नेताना गाडीचं दार लावणाऱ्या माणसाचा असतो तसा होता.

"फॉर्म कुठाय?" तो म्हणाला.

"फ्रिजवर. खिळ्यांच्या डब्याखाली."

"तो नको," ऑरिन बाईंना म्हणाला. "दुसरा द्या."

त्याने तिथेच, दाराच्या चौकटीवर कागद धरून सही केली आणि निघून गेला.

पुढची तीन वर्षं व्हर्ला खडीवर उतरतच राहिली. खडीवर बोलायला बंदी घालावी हे समितीला शेवटपर्यंत सुचलं नाही. घरी आलेले फॉर्म काही लोक न वाचताच सही करून द्यायचे, म्हणून दर मार्चमध्ये ती प्रत्येक फाटकाशी विचारायची, "वाचलंत की नुसतीच सही ठोकलीत?" हाउक दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात गेले. जाण्याआधी त्यांनी काउन्सेलर आठवड्यात चार दिवस येईल अशी तजवीज केली, आणि ते व्हर्लाला सांगायला स्वतः गॅरेजात आले. व्हर्ला म्हणाली, "पाचवा दिवस काय केला?" हाउक हसले. ती हसली नाही.

ट्रेसाने अकरावीच्या उन्हाळ्यात पाच कॉलेजं निवडून ठेवली. मे महिन्यातच मिसेस प्रुइटकडून शिफारसपत्र मागून घेतलं. बारावीच्या सप्टेंबरात अर्जाचा निबंध लिहून तिने व्हर्लाला वाचायला दिला. व्हर्लाने शाळेच्या आवारात बस उभी करून तो वाचला.

"यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"हा आभाराचा ठराव आहे. एक बाई, तिची बस, तिचे कष्ट. कोण आहे ही बाई?"

"तुम्हीच. मी तुमच्यावर लिहिलंय."

"म्हणूनच फाड," व्हर्ला म्हणाली. "त्यांना मला प्रवेश द्यायचा नाहीये."

ट्रेसाने फाडला. दुसरा लिहिला तो रँचवरच्या विहिरीवर. तिचं पाणी दर वर्षी जास्त खारट होत चाललं होतं, आणि का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. एप्रिलपर्यंत पाचपैकी तीन कॉलेजांनी तिला घेतलं. दोघांनी नाकारलं, त्यातलं एक तिला सगळ्यात जास्त हवं होतं. त्या दिवशी ती बसमध्ये रडली, आणि व्हर्लाने तिला रडू दिलं. शेवटी ती राज्यातल्याच विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्याचं शिकायला गेली. आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करते, आणि दर मार्चमध्ये गाई वियायच्या वेळी दोन आठवडे रजा काढून घरी येते. परत येऊन राहील का, हे ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, अजून ठरवलं नाही.

ऑरिन व्हर्लाशी त्या ऑक्टोबरपासून बोललेला नाही. खुराकाच्या दुकानात ती दिसली की तो पलीकडच्या ओळीत जातो आणि कुंपणाची तार बघत उभा राहतो. त्याच्या घरी तार पुरून उरेल एवढी पडलीय, हे सगळ्यांना माहीत असतं. लायलने एकदा मध्ये पडायचं ठरवलं होतं, तर व्हर्लाने त्याला अडवलं.

"नाही बोलत तर नाही," ती म्हणाली. "त्याची पोरगी गेलीय. माझ्यावर रागवायचा त्याला हक्क आहे. पण त्याची धाकटी यंदा आठवीत आहे, आणि फाटकाशी मी उतरणार आहे."